व्हायरसच्या बदलत्या वाटा : घरच्या संगणकाच्या संरक्षणाची पार्श्वभूमी

घरच्या संगणकाला व्हायरसपासून जपण्याचे उपाय दर काही वर्षांनी बदलत आले, याचे मुख्य कारण व्हायरसची आत शिरण्याची वाट बदलत गेली हे आहे. आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ओळखला जाणारा 'ब्रेन' 1986 मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला. तो फ्लॉपीच्या, म्हणजे त्या काळी माहिती ने-आण करायला वापरल्या जाणाऱ्या पातळ चकतीच्या, बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, ठाण मांडून बसत असे; अशी फ्लॉपी आत ठेवून संगणक सुरू केला की तो मेमरीत उतरे आणि नंतर घातलेल्या फ्लॉप्यांनाही लागे. त्यामुळे परकी फ्लॉपी आत ठेवून संगणक सुरू न करणे आणि आपल्या सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बुजवून तिच्यावर काही लिहिले जाणार नाही असे पाहणे, हीच त्या काळची खबरदारी होती.

पुण्याचा या इतिहासाशी संबंध आला तो दुरुस्तीच्या कामातून. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून संगणक दुरुस्तीकडे वळलेल्या कैलास काटकर यांच्याकडे व्हायरसने बिघडलेले संगणक येऊ लागले, तेव्हा मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातूनच 1995 मध्ये डॉसवर, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या त्या काळच्या संगणक-प्रणालीवर, चालणारे 'क्विक हील' हे अँटीव्हायरस बाजारात आले. रोजच्या दुरुस्तीतून उभे राहिलेले हे काम पुण्याच्या संगणक-इतिहासात जेवढ्या आदराने नोंदवले जायला हवे तेवढे नोंदवले जात नाही, असे मला मनापासून वाटते. त्या पिढीतील अँटीव्हायरस मुख्यतः ज्ञात व्हायरसच्या ओळखखुणांच्या यादीवर चालत. यादी जुनी झाली की नवा व्हायरस त्यांना दिसत नसे, आणि इंटरनेट घरोघरी नसल्याने नवी यादी फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून आणावी लागे.

26 एप्रिल 1999 रोजी 'सीआयएच' ऊर्फ 'चेर्नोबिल' या व्हायरसने आशियातील असंख्य संगणकांच्या हार्ड डिस्कवरील माहिती पुसली आणि काही मदरबोर्डांवरील बायॉस, म्हणजे संगणक सुरू करून देणारा मूळ प्रोग्रॅमही खराब केला, त्यामुळे असे संगणक सुरूच होईनात. माहितीची वेगळी प्रत ठेवण्याला अँटीव्हायरस हा पर्याय नाही, हे या घटनेइतके स्पष्टपणे आधी क्वचितच दिसले होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'आय लव्ह यू' हा वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती स्वतःच पुढे पाठवणारा प्रोग्रॅम, ईमेलमधून पसरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये संगणकात व्हायरस सोडण्याचा उल्लेख आला.

त्यानंतरची वाट पेनड्राइव्हची. महाविद्यालयांजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टची प्रिंट काढायला नेलेला पेनड्राइव्ह घरी परत येताना सोबत व्हायरस घेऊन येई, हा पुण्यातील विद्यार्थ्यांच्या परिचयाचा अनुभव होता. पेनड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्रॅम आपोआप सुरू होऊ देणारी विंडोजची 'ऑटोरन' सोय याच्या मुळाशी होती. नोव्हेंबर 2008 मध्ये दिसलेला 'कॉन्फिकर' प्रथम नेटवर्कमधून पसरला आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीने ऑटोरनचाही आधार घेतला. मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधील ही सोय पेनड्राइव्हपुरती बंद करणारे अपडेट सर्वसाधारण वापरकर्त्यांना फेब्रुवारी 2011 मध्ये दिले.

12 मे 2017 रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने फाइली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी खंडणी मागितली. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. जवळजवळ दोन महिने ती न घेतलेले संगणक त्याच्या तावडीत सापडले. केंद्र सरकारचे 'सायबर स्वच्छता केंद्र' त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाले होते आणि तेथे संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात. शिवाय विंडोज 8 पासून अँटीव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत असल्याने, तो विकत घेण्यापेक्षा अपडेट वेळेवर घेणे हा आज घराघरातील अधिक महत्त्वाचा प्रश्न झाला आहे.

विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. ज्यांचा संगणक विंडोज 11 पेलू शकत नाही, अशा घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने नोंदणीनंतर मिळणारी वाढीव सुरक्षा-सेवा 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जाहीर केली.