बाहेरून सारखं, आतून वेगळं: चाकाचा ऑफसेट आणि चाकाची रुंदी

कोल्हापुरात अलॉय व्हीलच्या दुकानात गाडी खाली केलेलं, म्हणजे तिची उंची कमी केलेलं, गिऱ्हाईक आलं की मागणी बहुतेक ठरलेली असते: "दादा, चाक जरा बाहेर आलं पाहिजे, मडगार्डच्या बरोबरीनं." ही मागणी दोन तऱ्हांनी पुरी करता येते. एकतर रुंद रिम लावायची, नाहीतर कमी ऑफसेटची. गाडीच्या मागं उभं राहून बघितलं तर दोन्हींत फरक कळत नाही, त्यामुळे हे दोन आकडे एकच काम करतात असा समज पक्का झालाय. गाडी कंपनीच्या उंचीवर असेल तर तो फारसा नडत नाही, कारण चाकाभोवती जागा असते. गाडी तीस-चाळीस मिमी खाली आली की याच समजापायी नवेकोरे टायर खांद्यावर कापले जातात.

दोन्ही आकडे रिमवरच असतात. चाक काढून आऱ्यांच्या पाठीमागं बघा, 15x6जे, ईटी40 असं काहीतरी उठवलेलं दिसेल. यातला 6 म्हणजे रुंदी, इंचात (15 हा रिमचा व्यास, तोही इंचात). टायरच्या कडा ज्या दोन बैठकांवर बसतात त्यांच्यामधलं अंतर म्हणजे ही रुंदी. रिमच्या बाहेरच्या कडांवरून टेप लावलात तर साधारण इंचभर जास्त भरेल, म्हणून टेपनं मापून रिम विकत घेऊ नये. ईटी40 म्हणजे ऑफसेट, मिमीमध्ये. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेषा धरायची आणि हबला (चाक जिथं आवळतात त्या गाडीच्या भागाला) टेकणारा चाकाचा फेस त्या रेषेपासून किती बाहेर आहे ते मोजायचं. इथं 40 मिमी बाहेर आहे.

उद्यमनगरात लेथवर उभ्या राहिलेल्या, किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसाला हे एका वाक्यात कळेल: हबचा फेस हा डेटम, म्हणजे मापाचा आधार, सगळी मापं तिथून. हब गाडीला पक्का आहे, तो हलत नाही. रुंदी वाढवली की रिम त्या मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना सारखी वाढते. ऑफसेट बदलला की रिम वाढत नाही, नुसती सरकते. आणि ती उलटी सरकते: ईटीचा आकडा वाढला की चाक आत जातं, कमी झाला की बाहेर येतं. इथंच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून पुन्हा सांगतो. मोठा ईटी आत, लहान ईटी बाहेर.

आता हिशेब करू. समजा मूळ चाक 15x6, ईटी40 आहे. एका मित्रानं 16x7, ईटी40 घेतलं. एक इंच म्हणजे 25.4 मिमी, त्यातलं निम्मं बाहेर, निम्मं आत: रिमची कड 12.7 मिमी बाहेर आली आणि तेवढीच आतही गेली. दुसऱ्यानं 16x6, ईटी27 घेतलं. रुंदी तीच, पण अख्खं चाक 13 मिमी बाहेर सरकलं. बाहेरून दोघांच्या रिमा जवळजवळ एकाच रेषेत दिसतील, 12.7 आणि 13 मधला फरक डोळ्याला कळणार नाही. आत बघा: पहिल्याची 12.7 मिमी जागा गेली, दुसऱ्याला 13 मिमी मिळाली. म्हणजे आतल्या बाजूला दोघांत पंचवीस मिमीहून जास्त तफावत.

कुठलंही चाक घेण्याआधी हा हिशेब कागदावर करता येतो. रुंदीचे मिमी करून निम्मे करा. त्यात ईटी मिळवला की हबच्या फेसपासून आतल्या बाजूचं अंतर मिळतं, वजा केला की बाहेरच्या बाजूचं. जुन्या आणि नव्या चाकाची दोन्ही अंतरं काढून वजाबाकी केली की किती मिमी कुठं गेले ते समोर येतं. दुकानात मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

खाली केलेल्या गाडीत खरी गंमत पुढं आहे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानना पुढं मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब, असतो. स्ट्रटचा खालचा भाग नकलला (हब धरणाऱ्या भागाला) बोल्टनं आवळलेला असतो, म्हणून खड्ड्यात चाक वर गेलं की तोही चाकाबरोबरच वर जातो. त्यामुळे टायर आणि स्ट्रट यांच्यामधली फट गाडी उंच असो की खाली, तीच राहते. जॅकवर गाडी उचलून ती फट मोजली आणि पाच-सहा मिमी शिल्लक असली, तर ती रस्त्यावरही जवळपास तेवढीच असते. मडगार्डचं तसं नाही. मडगार्ड बॉडीला आहे, आणि गाडी खाली केली की टायर आणि मडगार्डची लिप (खालची आत वळलेली कड) कायमचे जवळ येतात. वर चौघं बसले, डिकीत सामान भरलं आणि स्पीडब्रेकर आला, की उरलेली जागाही संपते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गाडी खाली असेल तर बाहेरचा एकेक मिमी जपायचा आणि लागणारी जागा आधी आतून घ्यायची. म्हणजे रुंदी थोडी वाढवायची आणि ईटीही थोडा वाढवायचा. दुकानात "बाहेर आलं पाहिजे" म्हणणाऱ्याला हे उलटं वाटेल, पण चाक न घासता गाडी वापरायची असेल तर हाच मार्ग आहे.

वरच्याच गाडीला 16x6.5, ईटी42 लावून बघा. बाहेर सव्वाचार मिमीच्या आसपास वाढ, आत सव्वाआठच्या आसपास. स्ट्रटपाशी तेवढी जागा असली की हे चाक निवांत बसतं.

कॉईलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) घातले असतील तर मात्र आतली फट नव्यानंच मोजायची. स्प्रिंगची खालची थाळी आणि तिचं लॉक-रिंग स्ट्रटच्या चुडींवर (आट्यांवर) असतं, आणि गाडी जितकी खाली घ्याल तितकं ते टायरच्या दिशेनं येतं. नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा टाकल्या असतील तर थाळी कंपनीच्याच जागी राहते.

कॅम्बरची, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्याची, अशीच दोन तोंडं आहेत. स्ट्रटची गाडी खाली केली की चाकाचा माथा थोडा आत झुकतो, त्यामुळे पुढच्या मडगार्डला काही मिमी फुकट मिळतात. जास्त कॅम्बर हवा म्हणून स्ट्रट आणि नकलमधला कॅम्बर-बोल्ट फिरवला, तर टायर स्ट्रटच्याच अंगावर कलतो आणि आतली फट कमी होते. वरच्या माउंटवरून कॅम्बर दिला तर स्ट्रट आणि चाक मिळून कलतात, फट तशीच राहते. मागं बहुतेक गाड्यांना टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम, असतो. तिथं कॅम्बर जवळजवळ बदलत नाही, टायर सरळ वर जातो आणि सरळ लिपला भिडतो. पुढं न घासणारा ईटी मागं घासतो तो यामुळे. चाक ठरवताना मागची बाजू आधी मोजावी.

ऑफसेट आणि रुंदी यांत आणखी एक भेद आहे, तो बाहेरून कधीच दिसत नाही. रुंद रिमचा मध्य जागच्या जागी राहतो. ईटी कमी केला की चाकाचा मध्यच बाहेर सरकतो, आणि गाडीचं वजन हबच्या बेअरिंगवर लांबून पडायला लागतं. वळताना चाक ज्या अक्षाभोवती फिरतं त्यापासूनही टायर दूर जातो, म्हणून खड्ड्यात स्टेअरिंग हातात ओढ घेतं. पूर्ण वळवल्यावर टायर मोठा घेर घेतो आणि आतल्या प्लॅस्टिकला किंवा बंपरच्या मागच्या कडेला लागतो. पावसाळ्यानंतर आपल्या रस्त्यांची जी अवस्था होते ती बघता रोज वापरायच्या गाडीत ईटी मूळच्यापेक्षा 10 मिमीहून जास्त खाली आणू नये, असं मी सांगेन.

स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती) हा याच हिशेबातला: 5 मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी 5 नं कमी. उद्यमनगरात हवा त्या जाडीचा टर्न करून मिळेल, पण दोन्ही फेस समांतर हवेत आणि मधलं भोक हबवर नेमकं बसायला हवं. स्पेसरच्या जाडीइतका स्टड (हबचा आटे असलेला बोल्ट) नटाला कमी मिळतो. 12 मिमीच्या स्टडवर निदान 12 मिमी चुडी नटात शिरली पाहिजे, म्हणजे 1.5 पिच असेल तर आठ फेरे, 1.25 असेल तर जवळजवळ दहा. तेवढे भरत नसतील तर लांब स्टड घाला, नाहीतर स्पेसर विसरा. पीसीडी (स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास; 4x100 म्हणजे 100 मिमीवर चार स्टड) जुळणं तर सगळ्यांना माहीत असतं, मधल्या भोकाकडं लक्ष जात नाही: मारुती सुझुकीच्या 4x100 गाड्यांना ते 54.1 मिमी, पोलोला 5x100 वर 57.1. रिमचं भोक मोठं असेल तर ती फट भरायला हब-रिंग लागते.

आतापर्यंतचे आकडे रिमच्या कडेचे होते. घासतो तो टायर, आणि टायर रिमइतका वाढत नाही. तोच टायर अर्धा इंच रुंद रिमवर चढवला तर तो साधारण 5 मिमी रुंदावतो, रिम मात्र 12.7 नं वाढलेली असते. याचा फायदा घेऊन अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवतात, म्हणजे खांदा मडगार्डपासून आत कलतो. शोमध्ये ते छान दिसतं. गगनबावड्याच्या घाटात खड्डा चुकला नाही तर रिमची कड थेट मार खाते, आणि हवा जरा कमी असली की टायर बैठकीवरून सुटू शकतो. 195/55 आर16 ला (195 मिमी रुंदी, तिच्या 55 टक्के बाजूची उंची, 16 इंची रिम) 5.5 ते 7 इंची रुंद रिम चालते, 205/45 आर17 ला 6.5 ते 7.5. त्या हद्दीत राहावं.

उंचीचं थोडक्यात. 185/65 आर15 चा व्यास 621.5 मिमी, 195/55 आर16 चा 620.9. स्पीडोमीटर आणि मडगार्ड, दोघांनाही फरक कळणार नाही. 205/55 आर16 घेतला तर व्यास 632 च्या घरात जातो आणि टायरचा माथा 5 मिमी वर येतो. खाली केलेल्या गाडीत हेच 5 मिमी लिपला लावतात. 205/45 आर17 चा व्यास 616, म्हणजे बसायला सोपा, पण त्याच्या अंगावरचा भाराचा आकडा बघा. मूळ टायर 88 असेल तर एका चाकाला 560 किलो. 205/45 आर17 साध्या बांधणीत 84 मिळतो, म्हणजे 500 किलो. 88 हवा असेल तर एक्स्ट्रा लोड लिहिलेलाच घ्यायचा, आणि त्यात हवाही जास्त ठेवावी लागते.

सगळं कागदावर जुळलं तरी एक चाचणी करावी. एकच चाक बसवून बघायला द्या, असं दुकानात स्पष्ट म्हणावं. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. गणपतीच्या दिवसांत कुंभार गल्लीत मिळते ती शाडूची माती ओली करून मडगार्डच्या लिपच्या आत आणि स्ट्रटवर टायरसमोर बोटभर जाडीनं लावा. मागं दोघांना बसवा, ओळखीच्या स्पीडब्रेकरवरून सावकाश जा, मग मोकळ्या मैदानात स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून एकेक फेरी घ्या. माती जिथं दबली तिथली उरलेली जाडी मोजा. मडगार्डपाशी ती 5 मिमीच्या खाली असेल तर ते चाक या उंचीला घेऊ नका. गाडी 10 मिमी वर घ्या किंवा ईटी मोठा शोधा. मडगार्डची लिप आत दुमडून देणारे भेटतात, पण रंग तडकतो आणि आपल्या पावसात तिथून गंज धरतो.

चारही चाकं बसली की अलाइनमेंट करून घ्या, कारण गाडी खाली केली तेव्हाच टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) बदललेला असतो. आणि पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत टॉर्क रेंचनं सगळे नट पुन्हा तपासा. नवी अलॉय हबवर बसताना ते थोडे सैल पडतात.