तृणधान्य–बटाटा फेरपालटीतील नत्र व्यवस्थापन

गहू, बार्ली, ओट, राय यांसारखी तृणधान्ये आणि बटाटा ज्या जमिनीत आलटून-पालटून घेतात, तेथे पिकांना वेळेवर नत्र मिळावे आणि उरलेले वाहून जाऊ नये यासाठी केलेले नियोजन. बटाट्यावर बटाटा घेतला तर सूत्रकृमी आणि जमिनीतील रोग बळावतात, म्हणून मुळात फेरपालट केली जाते. नत्राचा विचार मागाहून येतो आणि बहुधा एकेका पिकापुरताच होतो. खरी गळती मात्र दोन पिकांच्या मधल्या काळात होते.

बटाट्याची बहुतेक मुळे वरच्या ३० ते ४० सेंमी. थरातच राहतात. ओळींत अंतर जास्त असते आणि सरीतून पाणी झपाट्याने खाली जाते. त्यामुळे दिलेल्या नत्रापैकी अनेकदा निम्म्याच्या आसपासच पिकाला लागू होते. हिवाळी गव्हाची मुळे दीड मीटरपर्यंत उतरतात. बटाट्याच्या हातून निसटलेले नत्र तो खालच्या थरातून काही अंशी वर ओढू शकतो. बटाट्याच्या दर टन कंदांबरोबर सुमारे ३ ते ३.५ किग्रॅ., तर गव्हाच्या दर टन दाण्यांबरोबर सुमारे २० किग्रॅ. नत्र शेताबाहेर जाते.

जमिनीतील नत्राचा फार मोठा भाग सेंद्रिय रूपात बांधलेला असतो. सूक्ष्मजीव त्याचे अमोनियम आणि पुढे नायट्रेट करतात. अमोनियम चिकणमातीच्या कणांना धरून राहते. ऋणभारित नायट्रेटला माती धरत नाही, ते पाण्याबरोबर झिरपते. बटाटा काढताना जमीन खोलवर उकरली जाते, हिरवा पाला मातीत मिसळतो, ओल आणि ऊब असते. नायट्रेट भराभर तयार होते, पण ते घ्यायला शेतात पीक नसते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात नत्राचा जड समस्थानिक (वजनाने जड, म्हणून वेगळा ओळखता येणारा अणू) घातलेली खते वापरून हा माग काढला गेला. बेताने खत दिलेल्या गव्हानंतर जमिनीत सापडणारे नायट्रेट बहुतांशी सेंद्रिय पदार्थ कुजून आलेले निघाले, खतातून थेट उरलेले थोडेच. बटाट्यानंतर मात्र न वापरलेल्या खताचा वाटाही लक्षणीय होता.

म्हणून बटाटा निघताच राय, ओट किंवा मोहरीसारखे आच्छादन पीक पेरतात. लवकर निघणाऱ्या वाणांमागे ते चांगले साधते. थंड प्रदेशात उशिरा काढलेल्या बटाट्यामागे ते बहुधा कागदावरच राहते, कारण थंडीपूर्वी रोपे नत्र उचलण्याइतकी वाढतच नाहीत. बटाट्याचा बेवड (आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला कस) लाभलेल्या गव्हाला सुरुवातीला खत कमी लागते; तरीही सवयीने पूर्ण मात्रा दिली तर पीक लोळते.

उलट क्रमात अडचण वेगळी असते. गव्हाच्या काडाचे कर्ब-नत्र गुणोत्तर ८०:१ च्या घरात असते आणि साधारण २५:१ च्या वर गेले की सूक्ष्मजीव कुजवण्यासाठी मातीतलेच नत्र उचलतात. टनभर काड गाडल्यास ५ ते १० किग्रॅ. नत्र काही काळ अडकू शकते. बटाट्याच्या लागवडीच्या तोंडावर काड गाडले तर रोपे सुरुवातीलाच पिवळी पडतात. आधीच्या हंगामात गाडलेले काड मात्र तेच नायट्रेट धरून ठेवते, म्हणजे तोट्याचा फायदा होतो. क्लोव्हरसारख्या द्विदल पिकानंतरचा बेवड भरघोस असतो, पण त्यातले नत्र उशिरापर्यंत सुटत राहते.

बटाट्याला हा उशीर मानवत नाही. नत्र जास्त झाले की पाला माजतो, कंद धरणे लांबते, साल कच्ची राहून काढणीत सोलवटते आणि कंदातील शुष्क अंश घटतो. कमी पडले तर पाला लवकर पिवळा पडतो आणि लवकर येणारा करपा पसरतो. त्यामुळे काही भाग लागवडीवेळी आणि उरलेला बुंध्याला मातीची भर देताना किंवा सिंचनातून हप्त्याने देतात. हप्ता ठरवण्यासाठी देठाची तपासणी करतात: शेंड्याकडून चौथे पूर्ण वाढलेले पान तोडून पर्णिका काढून टाकायच्या आणि देठाच्या रसातील नायट्रेट मोजायचे. एका आकड्यापेक्षा दर आठवड्याला तो कसा उतरतो हे अधिक सांगून जाते. गव्हात फुटवे संपून कांडी धरताना दिलेला हप्ता उत्पादनाला, तर ओंबी निसवण्याच्या सुमारास दिलेला प्रथिनांना अधिक उपयोगी पडतो.

लागवडीपूर्वी माती ६० सेंमी.पर्यंत तपासणे इष्ट. दर १५ सेंमी. थरात १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) नायट्रेट-नत्र म्हणजे हेक्टरी सुमारे २ किग्रॅ., या हिशेबाने ६० सेंमी.त सरासरी १० पीपीएम आढळले तर हेक्टरी ८० किग्रॅ. नत्र आधीच हाताशी असते. सिंचनाचे पाणी या हिशेबातून हमखास सुटते: लिटरमागे ५० मिग्रॅ. नायट्रेट असलेले ३०० मिमी. पाणी हेक्टरी सुमारे ३४ किग्रॅ. नत्र आणते.

अमोनियमयुक्त खतांनी जमीन हळूहळू आम्ल होते. बटाट्याला ते चालते, कंदाच्या सालीवर खरबरीत चट्टे पाडणारा खवल्या रोगही दबतो. बार्लीला मात्र सोसत नाही. म्हणून चुना बटाट्यानंतर, तृणधान्याच्या पेरणीपूर्वी टाकतात.