शोधनिकालाच्या पानाची मांडणी: एका नोंदीचा साचा

सोलापुरातल्या एखाद्या चादर-टॉवेल विक्रेत्याच्या वेबसाइटवर ‘डबल चादर’ असं शोधलं की क्षणात वीस चादरी समोर मांडल्या जातात. ते पान आधी कुणी लिहून ठेवलेलं नसतं. डेटाबेसमध्ये असतात त्या फक्त नोंदी: नाव, माप, सूत, रंग, किंमत, फोटोचा पत्ता. पीएचपीसारख्या भाषेतली स्क्रिप्ट जुळणाऱ्या नोंदी उचलते आणि एकाच साच्यात एकेक भरत जाते. जॅकार्ड मागावर माग तोच आणि सूतही तेच, पण पंचकार्डांची माळ बदलली की नक्षी बदलते. इथं साचा त्या माळेचं काम करतो.

म्हणून मांडणी बदलताना डेटाबेसला हात लावू नये. साच्याचे चार तुकडे वेगळे ठेवावेत: वरचा भाग, एका नोंदीचा भाग, खालचा भाग आणि काहीच सापडलं नाही तर दाखवायचा भाग. यातला दुसरा तुकडा सगळ्यात नाजूक, कारण तो वीस वेळा छापला जातो आणि त्यातली चूकही वीस वेळा. त्यात एक टॅग, म्हणजे एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतली खूण, बंद करायचा राहिला तर प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीच्या पोटात शिरते आणि पान पायऱ्यांसारखं आत आत सरकत जातं. असं दिसलं तर सीएसएसशी, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांशी, झटापट करण्याआधी हा तुकडा तपासा.

चादरीच्या मापातही एक खोच आहे. माप ६०" × ९०" असं साठवलं असेल आणि ते तसंच फोटोच्या पर्यायी मजकुरात (फोटो दिसला नाही तर दाखवायच्या शब्दांत) घातलं, तर इंचाचं चिन्ह एचटीएमएलला अवतरणाचा शेवट वाटतं आणि पुढचा मजकूर गळतो. ग्राहकाने शोधलेला शब्द शोधपेटीत परत दाखवतानाही हेच होतं. पीएचपीचं ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ हे फंक्शन यासाठीच आहे. पण ते पानावर छापताना वापरायचं, साठवताना नाही. दोन्हीकडे वापरलं तर ग्राहकाला इंचाऐवजी सांकेतिक अक्षरं दिसतात. शोधपेटीतून कुणी घातक स्क्रिप्ट टाकली, तर तिलाही हीच काळजी अडवते.

मराठी मजकूर तर आणखी जपून हाताळावा लागतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा आणि वेलांटीसुद्धा. वर्णन पीएचपीच्या ‘सबस्ट्र’ या फंक्शनने १०० बाइटवर कापलं तर बहुतेकदा एखादं चिन्ह मधोमध तुटतं आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. बाइटऐवजी चिन्हं मोजणाऱ्या ‘एमबी-सबस्ट्र’ने ते टळतं, पण ‘चादरी’ची वेलांटी गळून ‘चादर’ उरू शकते. मजकूर शेवटच्या मोकळ्या जागेवर कापावा किंवा सर्व्हरवर कापूच नये. त्याऐवजी दिसणाऱ्या ओळी मर्यादित करणाऱ्या सीएसएसच्या ‘लाइन-क्लॅम्प’ला दोन ओळी सांगाव्यात. हा दुसरा मार्ग आम्हाला जास्त पटतो.

‘टॉवेल’मधला ‘टॉ’ दोन तऱ्हांनी टंकला जातो: ऑची एकसंध खूण देऊन, किंवा काना आणि वर अर्धचंद्र असा वेगवेगळा. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसला ते निरनिराळे शब्द वाटतात आणि दुकानात टॉवेल असूनही निकाल रिकामा येतो. युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची ठरलेली रीत, ही जोडी एक करत नाही. नोंद साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी जोडखुणेच्या जागी एकसंध खूण घालणारी बदली स्वतः लिहावी लागते.

पानं पाडताना क्रमाकडे लक्ष हवं. वीस नोंदींचं एक पान आणि क्रम फक्त किमतीनुसार असेल, तर एकाच किमतीच्या चादरींचा आपसातला क्रम डेटाबेस पाळेलच असं नाही. मग एखादी चादर दोन्ही पानांवर दिसते आणि दुसरी कुठेच नाही. क्रमाच्या शेवटी नोंदीचा अनन्य क्रमांक जोडला की हे थांबतं. ‘पुढचं पान’ या दुव्यात शोधशब्द आणि निवडलेले रंग-माप सोबत न्यायला विसरू नका. नाहीतर दुसऱ्या पानावर अख्खा साठा उघडतो.

रकान्यांसाठी सीएसएस ग्रिड पुरेसं आहे. रकान्याची किमान रुंदी १६० पिक्सेल ठेवली आणि संख्या आपोआप ठरू दिली, तर ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर कडेला १२-१२ सोडून ३३६ उरतात. दोन रकाने आणि मधली १२ची फट मिळून ३३२, म्हणजे दोन चादरी शेजारी शेजारी बसतात. फोटोची रुंदी-उंची टॅगमध्ये लिहावी, नाहीतर फोटो उतरताना पान उड्या मारतं आणि बोट भलत्याच चादरीवर पडतं. ओळींची उंची अक्षराच्या १.६ पट तरी हवी; कमी पडली तर उकार आणि रफार खालच्या-वरच्या ओळींना भिडतात. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नये, शिरोरेषा तुटते. सोलापुरात नावं कन्नड-तेलुगूतही दाखवायची असतील, तर त्या मजकुराला भाषेची खूण आणि त्या लिपीचा फॉन्ट द्यावा.

साचा चढवण्याआधी चार नोंदींवर चालवून पाहा: सर्वांत लांब नावाची, फोटो नसलेली, मापात इंचाचं चिन्ह असलेली आणि किंमत रिकामी असलेली. शेवटच्या नोंदीपुढे शून्य रुपये दिसले, तर साच्यात अट घालून तिथं ‘भाव विचारा’ असं छापावं.