गाडीच्या पोटावरचं साल

‘जुन्या धातूच्या खेळण्यातल्या गाड्या फेकू नका. तळाशी १९७७ सारखं साल असेल तर गाडी तेव्हाचीच, लाखाला जाते!’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. साल खरंच कोरलेलं असतं, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे.

पण त्या आकड्याशेजारी बघा, बहुतेक वेळा गोलातलं ‘सी’ अक्षर दिसेल. म्हणजे ते डिझाइनच्या कॉपीराइटचं साल. जस्ताच्या मिश्रधातूची गाडी ओतायचा साचा महाग पडतो, म्हणून चांगला साचा कंपन्या वीस-वीस वर्षंही वापरतात. रंग, चाकं बदलतात, तळावरचं साल मात्र तसंच राहू शकतं. १९७७ कोरलेली गाडी २००५मध्ये ओतलेली असू शकते.

पडताळायचं तर पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात (बुधवार, रविवार) एकाच मॉडेलच्या दोन गाड्या उलट्या धरा. साल एकच, पण गाडी जिथे बनली त्या देशाचं नाव कधीकधी वेगळं! खोका असेल तर त्यावरचा महिना-वर्ष वाचा. आयएसआय चिन्ह असेल तर माल बहुधा अलीकडचा. खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१पासून सक्तीचं आहे.

आणि किंमत? ती दुर्मीळपणा, रंगाची अवस्था आणि मूळ खोका यांवर ठरते. ऑनलाइन बघताना मागितलेला आकडा सोडा, विकल्या गेलेल्या गाडीचा भाव बघा.