व्हायरसला फसवणारा खोटा कॉम्प्युटर

'अँटिव्हायरस टाकून दिलाय, आता काळजी नाही,' असं कॉम्प्युटर विकणारा सांगतो आणि घरचे निर्धास्त होतात. याउलट 'अँटिव्हायरस कशाला? नुसता पीसी स्लो होतो,' म्हणणारेही भरपूर भेटतात. दोघांचंही चुकतं. कसं, ते कळायला या सॉफ्टवेअरच्या आत डोकावायला हवं, आणि आत जे चालतं ते खरोखर विलक्षण आहे.

सगळ्यात जुनी पद्धत सोपी. माहीत असलेल्या व्हायरसमधला बाइट्सचा (म्हणजे फाइल ज्या आकड्यांची बनते त्यांचा) एक ठरावीक तुकडा, म्हणजे त्याची सिग्नेचर, यादीत ठेवायची आणि प्रत्येक फाइलमध्ये तो तुकडा सापडतो का ते पाहायचं. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस अशा पद्धतीने सहज पकडता येतो. याचा घरच्या घरी प्रयोगही करता येतो. 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची एक चाचणी-ओळ नेटवर मिळते. ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे, पण अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसांत ठरवून ती यादीत घातली आहे. ती नोटपॅडमध्ये टाकून फाइल सेव्ह केली, की चालू असलेला अँटिव्हायरस लगेच ओरडतो.

मग व्हायरस लिहिणारे रूप पालटायला शिकले. १९९० मध्ये '१२६०' नावाचा व्हायरस आला. तो प्रत्येक नव्या फाइलमध्ये शिरताना स्वतःला वेगळ्या किल्लीने कुलूपबंद करायचा. अशा कुलपाचा साधा प्रकार म्हणजे 'एक्सॉर'. दोन बिट (म्हणजे ० किंवा १ हे अंक) सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. समजा, व्हायरसमधला एक बाइट ७७ आहे, म्हणजे द्विमान पद्धतीत ०१००११०१. किल्ली २५, म्हणजे ०००११००१. उत्तर येतं ०१०१०१००, म्हणजे ८४. आता ८४ वर पुन्हा तीच किल्ली चालवा, ७७ परत मिळतात. किल्ली २०० घेतली तर त्याच ७७ चे १३३ होतात. व्हायरस तोच, पण फाइलमधले बाइट्स दर वेळी निराळे, त्यामुळे यादीतल्या तुकड्याशी काहीच जुळत नाही. कुलूप उघडणारा छोटा कोड तेवढा उघडा राहतो, पण त्यातही निरर्थक सूचना पेरलेल्या असतात. एक मिळवा, एक वजा करा, पुन्हा मिळवा. म्हणजे तोही ओळखू येत नाही.

यावर निघालेला तोड मला फार आवडतो. व्हायरसने कितीही रूपं बदलली तरी काम करायचं तर त्याला शेवटी स्वतःचं कुलूप उघडावंच लागतं. म्हणून अँटिव्हायरस मेमरीत एक खोटा कॉम्प्युटर उभा करतो. प्रोसेसर खोटा, मेमरी खोटी, विंडोजही खोटं. संशयित फाइल तिथे एकेक सूचना करत चालवली जाते. खऱ्या डिस्कला तिचा हातही लागत नाही. आपण खऱ्या मशिनवर आहोत अशा समजुतीत व्हायरस किल्ली लावतो, ८४ चे ७७ होतात, १३३ चेही ७७ होतात, आणि खोट्या मेमरीत त्याचा मूळ देह उघडा पडतो. तिथे मग ती जुनी सिग्नेचर बरोबर जुळते. याला एम्युलेशन म्हणतात. फाइलवर डबल-क्लिक केल्यावर ती उघडण्याआधीच्या क्षणभरात हे सगळं उरकलेलं असतं.

त्या क्षणभरातच मेख आहे. अँटिव्हायरस तुम्हाला दहा मिनिटं थांबवून ठेवू शकत नाही, म्हणून काही व्हायरस सुरुवातीला लाखो निरर्थक फेऱ्या मारत वेळ काढतात. काही आधी खोट्या विंडोजमधल्या उणिवा शोधतात. शिवाय मूलभूत अडचण वेगळीच आहे. कोणताही व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८०च्या दशकातच दाखवलं. समजा, असा प्रोग्रॅम आहे. मग मी असा प्रोग्रॅम लिहीन, जो आधी त्यालाच विचारेल, 'मी व्हायरस आहे का?' 'हो' म्हटलं तर गप्प बसेल, 'नाही' म्हटलं तर पसरेल. दोन्हीकडून उत्तर चुकतंच. त्यामुळे खोक्यावर '१०० टक्के सुरक्षा' लिहिलेलं असेल तर ती निव्वळ जाहिरात समजावी. 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले' असं ओरडणारं वेबपेज तर सरळ खोटं बोलतं, कारण वेबपेजला तुमची हार्ड डिस्क तपासताच येत नाही.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. विंडोज अपडेट 'नंतर करू' म्हणून ढकलत राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. एकाच पीसीवर दोन अँटिव्हायरस मात्र बसवू नयेत. दोघेही फाइल उघडण्याच्या त्याच टप्प्यावर आडवे येतात आणि मशिन रखडतं. विंडोज १० आणि ११ मधला स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, तर दुसरा अँटिव्हायरस आला की सहसा आपणहून बाजूला होतो.