गुंठेवारी

गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचा ले-आउट, म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांचा आराखडा, मंजूर करून न घेता तिचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडून विकणे, आणि अशा विक्रीतून उभी राहिलेली वस्ती. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात ३३ बाय ३३ फुटांचा चौरस. ४० गुंठ्यांचा एकर होतो. नाशिकमध्ये सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांच्या ऐपतीतली जागा बहुधा याच वाटेने मिळत आली. त्यामुळे या वस्त्यांकडे निव्वळ बेकायदा म्हणून पाहणे अन्यायाचे आहे.

१९४७ च्या तुकडेबंदी अधिनियमाने प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान क्षेत्राहून, लहान तुकड्याच्या हस्तांतराला मनाई केली. २०२३ मध्ये हे क्षेत्र बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठे ठरले. या मनाईमुळे लहान प्लॉटचे व्यवहार नोटरी किंवा साठेखतावर (विक्रीच्या करारावर) होत आले, नाहीतर अनेकांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक लागली. सातबारा क्षेत्र सांगतो. प्लॉट नेमका कुठे आहे, हे सांगत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामही अधिकृत ठरत नाही, तरी खरेदीदाराला बहुतेकदा तोच पुरावा म्हणून दाखवला जातो.

सर्वांत मोठे नुकसान रस्त्याचे होते. मंजूर ले-आउटमध्ये रस्ता आखलेला असतो, आणि ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के खुली जागा सोडावी लागते. गुंठेवारीत फक्कीने आखलेला रस्ता मूळ मालकाच्याच नावावर राहतो. पुढे तोही विकला जातो किंवा त्यावर ओटे येतात. अग्निशमनाची गाडी आत वळत नाही, ड्रेनेजची लाइन टाकायला जागा उरत नाही. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे शोषखड्डे तुंबतात. प्लॉटच ३३ फुटांचा असल्याने शेजाऱ्याचा शोषखड्डा आणि आपली बोअर यांत पुरेसे अंतर राखता येत नाही.

२००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशी बांधकामे नियमित करण्याची सोय केली. त्यासाठी वस्ती अस्तित्वात असण्याची १ जानेवारी २००१ ही मूळ मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. अर्ज नियोजन प्राधिकरणाकडे करायचा असतो: शहरात महापालिकेकडे, हद्दीबाहेरच्या महानगर क्षेत्रात नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. मालकीची कागदपत्रे, मोजणी नकाशा, बांधकामाचा नकाशा, प्रशमन शुल्क (बांधकाम नियमित करण्याचे शुल्क) आणि विकास आकार लागतो. सरकारी जमिनीवरील अतिक्रमणाला ही सोय नाही.

प्लॉट घेण्यापूर्वी झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात आहे त्याचा), फेरफार, मंजूर ले-आउटचा क्रमांक आणि भूमी अभिलेखची मोजणी पाहावी. गोदावरी, नासर्डी किंवा वालदेवी या नद्यांलगत निळी आणि लाल पूररेषाही (पुराच्या पाण्याची आखलेली हद्द) तपासावी. नियमित झालेल्या वस्तीतही रस्ता रुंदीकरणाला घरांपुढचीच जागा द्यावी लागते आणि काम वर्षानुवर्षे तिथेच अडते.