ओल्ड नंबर वन (शर्यती मोटार)

बेंटले मोटर्स या इंग्लिश कंपनीच्या ‘स्पीड सिक्स’ नमुन्याच्या एका मोटारीला ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव रूढ झाले आहे. फ्रान्समधील ले मान्सची २४ तासांची शर्यत या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. ती आजही अस्तित्वात आहे, असा निर्वाळा लंडनच्या उच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला. मात्र १९२९ साली धावलेल्या गाडीचे जवळजवळ काहीच तिच्यात उरलेले नाही, हेही त्याच निकालात नोंदले आहे.

कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांनी तरुणपणी रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केली होती, आणि त्याची खूण या गाडीच्या इंजिनात दिसते. सहा सिलिंडरांच्या, ६,५९७ घनसेंमी क्षमतेच्या या इंजिनातील वरचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपांची उघडझाप करणारा दांडा, साखळीने फिरत नसे. इंजिनाच्या मागच्या टोकाला उभ्या बसवलेल्या तीन दांड्या त्याला गती देत, आगगाडीच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांसारख्याच. ही रचना महाग असली, तरी चालताना आवाज फारसा करीत नसे. गाडी अवजड होती, पण दिवस-रात्र एकसारखी पळत राहण्याच्या स्पर्धेत हलकेपणापेक्षा टिकाऊपणा अधिक कामी येतो, या हिशेबानेच ती बांधलेली होती.

शर्यतीतील तिचा मुख्य चालक वुल्फ बार्नाटो हा दक्षिण आफ्रिकेतील किम्बर्लेच्या हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या संपत्तीचा वारस होता आणि १९२६ पासून बेंटले कंपनीचा अध्यक्षही. सरे संघाकडून तो यष्टिरक्षक म्हणून प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळला. ले मान्सला तो तीनदाच उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. १९२९ मध्ये टिम बर्किनच्या जोडीने त्याने या गाडीतून सुमारे २,८४४ किमी अंतर कापले, तेव्हा पहिले चारही क्रमांक बेंटलेच्याच गाड्यांनी पटकावले. गाडीवर त्या वर्षी १ हा आकडा रंगवलेला होता आणि नाव त्यावरून पडले. १९३० च्या विजयात तिचा क्रमांक ४ होता, तरी नाव पहिलेच राहिले. त्या वर्षी बार्नाटोचा साथीदार ग्लेन किडस्टन होता. जर्मन चालक कारात्सिओलाच्या मर्सिडीजशी बर्किनच्या सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) लावलेल्या बेंटलेने अटीतटीची झुंज घेतली. रात्रीच मर्सिडीज बाद झाली आणि बर्किनची गाडीही शेवटपर्यंत टिकली नाही. स्पीड सिक्स गाड्यांनी पहिले दोन क्रमांक घेतले.

एवढे यश मिळूनही कंपनी १९३१ मध्ये बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. ओल्ड नंबर वन मात्र इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या काँक्रीटच्या धावपट्टीवर पळतच राहिली. १९३२ च्या ५०० मैलांच्या शर्यतीसाठी तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवण्यात आले. त्या शर्यतीत बेंटलेचा चालक जॅक डन्फी याचा भाऊ क्लाइव्ह डन्फी ती चालवत असताना गाडी आत कललेल्या वळणाच्या वरच्या काठावरून बाहेर फेकली गेली आणि क्लाइव्ह ठार झाला. मोडलेली गाडी नंतर बार्नाटोसाठी बंदिस्त कूपे बॉडी चढवून पुन्हा बांधण्यात आली.

या गाडीच्या अस्सलपणाचा प्रश्न पैशांच्या व्यवहारातून न्यायालयात गेला. एप्रिल १९९० मध्ये तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. त्यानंतर, ही खरी ओल्ड नंबर वन नव्हेच, असे म्हणत खरेदीदाराने अंग काढून घेतले आणि मालकाने दावा लावला. न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडीचा एकेक भाग तपासून घेतला. १९२९ च्या गाडीचे, काळ ठरवता न येणारे काही किरकोळ भाग सोडले तर, काहीच उरले नव्हते. १९३० च्या गाडीचा पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंग कॉलम एवढेच सापडले. सांगाडा, स्प्रिंगा, पुढचा ॲक्सल आणि इंजिन हे भाग १९३२ च्या गाडीचे ठरले. हिशेब असा मांडला, तर खरेदीदाराची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु शर्यतीच्या गाडीचे भाग झिजण्यासाठीच असतात. प्रत्येक हंगामाआधी ती खोलून त्यांतले बरेच बदलले जात, आणि तसे न करणारा संघ शर्यत पुरी करू शकत नसे.

न्यायमूर्तींनी म्हणूनच ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ या दोन शब्दांत फरक केला. गाडी मूळ स्थितीत आहे असे म्हणता येणार नाही, पण ती नुसती नक्कल किंवा नव्याने केलेली जुळणीही नाही. बदललेला प्रत्येक भाग एका चालत्या गाडीत सामावत गेला आणि तिची ओळख कोणत्याही टप्प्यावर तुटली नाही, असे त्यांनी ठरवले. या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटले अस्तित्वात नाही आणि पूर्वीही नव्हती. विक्रीला होती ती धातूइतकीच तिची कीर्तीही होती, असे सांगून त्यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला.